हामटा पास एकटीने: साडेसतरा किलोची सॅक कमी कशी करू?

सुदामानगर_इंदूर:
मंडळी नमस्कार. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हिमाचलमधला हामटा पास (खिंड) करायचा आहे, एकटीने आणि स्वतःचा तंबू घेऊन. इंदूरहून मालवा एक्स्प्रेसने अंबाला, तिथून बसने मनाली. पुढे जोबरा, चिका, बालू का घेरा, पास (४२७० मी.), शिया गोरू आणि छत्रू असा बेत आहे. तंबूतल्या चार रात्री धरल्या आहेत. सह्याद्रीत पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायची सवय आहे, पण ३००० मीटरच्या वर स्वतःचं सगळं सामान घेऊन पहिल्यांदाच जाते आहे.

काट्यावर केलेली वजनं अशी: सॅक (६० लिटर) २.१ किलो, दोघांचा तंबू २.९, स्लीपिंग बॅग (वर "-५" लिहिलंय) १.६, फोमची मॅट ०.४, कपडे ३.२ (जीन्स १, ट्रॅक पँट २, सुती टी-शर्ट ४, स्वेटर, फ्लीस, पफर जॅकेट, आतले कपडे, मोज्यांचे ४ जोड), पाँचो ०.३५, सँडल ०.६, स्टोव्ह, दोन भांडी आणि ४५० ग्रॅमचा गॅस कॅन मिळून १.५, खाणं ३.४ (तांदूळ-तूरडाळ खिचडीचं सामान, मॅगी, शेव, बिस्किटं), पॉवर बँक २०,०००, टॉर्च आणि चार्जर मिळून ०.८, औषधं-साबण-टॉवेल ०.६५. एकूण १७.५ किलो, पाणी वेगळं. माझं वजन ५८ किलो.

१३ पर्यंत यायचं आहे. काय काढू, काय बदलू? बूट चांगल्या कंपनीचे आहेत, ५ वर्षांपूर्वी घेतलेले, फारसे वापरलेले नाहीत, माळ्यावर नीट ठेवले होते.

घाटमाथा:
ताई, सगळ्यात आधी बूट. न वापरलेले म्हणून ते चांगले असं धरून चालू नका. ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात मधला थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो आणि नुसता पडून राहिलेला बूट जास्त लवकर कुजतो, कारण चालताना त्यातला ओलावा दाबून बाहेर पडतो तसा इथे पडत नाही. माळ्यावरची पाच पावसाळ्यांची दमट हवा त्याला पुरेशी आहे. तळव्याच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात रोवून बघा. खळगा तसाच राहिला, भुसा निघाला किंवा बारीक भेगा दिसल्या तर बूट बाद. फेव्हिक्विक लावून उपयोग नाही, गोंद धरायला खालचा थरच शिल्लक नसतो. नखाच्या परीक्षेत पास झाले तरी १२ किलो पाठीवर घेऊन जानापावची टेकडी दोन-तीनदा चढा-उतरा. सोल सुटायचा असेल तर तो महूजवळ सुटू दे. वजनासाठी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर गेल्यावर ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघे वाचतील.

नवे घ्यावे लागले तर आजच घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून मापा. उतारावर उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकता कामा नयेत.

आता वजन. १३ चा आकडा डोक्यातून काढा. तुमच्या यादीत दोन गोष्टी चुकीच्या जागी हलक्या आहेत, त्या आधी जड कराव्या लागतील. रात्रीची ऊब आणि पावसापासूनचा बचाव यांतून एक ग्रॅमही काढायचा नाही. सोबत कुणी असलं की एकाची बॅग भिजली तर दुसऱ्याचं जॅकेट मिळतं, एकट्याला ते नाही.

स्लीपिंग बॅगवर दर्शनी लिहिलेला आकडा बघून चालत नाही, आतली पट्टी वाचा. तिथे तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. चाचणीच्या पद्धतीत कम्फर्ट हे सर्वसाधारण बाईच्या शरीरावरून ठरतं आणि लिमिट पुरुषाच्या. एक्स्ट्रीम म्हणजे थंडीने जीव जाऊ नये इतकंच, त्यात झोप लागत नाही. तुमचे "-५" जर एक्स्ट्रीम असेल तर कम्फर्ट १० अंशांच्या आसपास निघेल. सप्टेंबर अखेरीस बालू का घेरा आणि शिया गोरूला रात्री पारा शून्याखाली जातो. तुम्हाला कम्फर्ट ० किंवा त्याखालची बॅग हवी. विकत घ्यायची नसेल तर मनालीत भाड्याने मिळते, पण दुकानातच पूर्ण उघडून चेन दोनदा खालीवर करा, उजेडासमोर धरून भराव कुठे विरळ झालाय का ते बघा.

सोबत एक लायनर (स्लीपिंग बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ) घ्या. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून ५८ इंच पन्ह्याचं पातळ पॉलिस्टर अस्तर सव्वादोन मीटर आणा आणि शिंप्याकडून दुमडून दोन बाजू शिवून घ्या. वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या आत राहतं, भाड्याच्या बॅगेचा मळ अंगाला लागत नाही आणि थोडी ऊबही वाढते.

मॅटचं गणित लोक विसरतात. अंगाखाली दबलेला बॅगेचा भराव ऊब देत नाही, जमिनीची थंडी अडवते ती फक्त मॅट. साध्या बंद-पेशी फोमची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) २ च्या आसपास असते. शून्याखालच्या जमिनीवर ३.५ ते ४ लागते. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे खांद्यापासून कमरेखालपर्यंतचा आणखी एक फोमचा तुकडा घ्या. हवेची मॅट हलकी आणि जास्त गरम असते, पण काटा लागून फुटली की एकट्याची रात्र अवघड होते. न्यायचीच असेल तर फोम खाली ठेवा आणि पंक्चरचे पॅच घ्या.

पाँचो वाऱ्यात डोक्यावर येतो, दगडांवर उतरताना पायाखालचं दिसू देत नाही. पावसाचं जॅकेट आणि वरून चढवायची पातळ पँट घ्या. २०० ग्रॅम वाढतील, वाढू द्या.

पातळपोहे:
वरच्याला पुस्ती. काढायचं कुठून ते सांगते.

कपडे: जीन्स, चारही सुती टी-शर्ट आणि स्वेटर घरी. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबल्याबरोबर अंग गार करतं. अंगावर एक पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रेक पँट. सॅकमध्ये दुसरा एक टी-शर्ट, एक पातळ थर्मल जोड (फक्त तंबूत, कायम कोरडा), फ्लीस, पफर, कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड (एक पातळ, एक पाणी न शिरणारा), आतले कपडे तीन, मोजे तीन जोड. त्यातला एक लोकरीचा जोड झोपायला, बाकी काही झालं तरी तो बुटात घालायचा नाही. कपडे २ किलोत बसतात.

तंबू: २.९ किलो एकटीने वाहणं बरोबर नाही. एका माणसाचे दोन थरांचे तंबू १.५ ते १.८ किलोत मिळतात. कोणताही घेतलात तरी गच्चीवर एकदा लावा, खुंट्यांऐवजी पाण्याच्या कॅनना दोर बांधा आणि नळीने वीस मिनिटं पाणी मारा. शिवणीतून थेंब आला तर सीम सीलर लावायला अजून वेळ आहे. बालू का घेरापुढे जमीन दगडगोट्यांची आहे, खुंटी निम्मी आत जाते आणि वाकते. २ मि.मी. नायलॉन दोरी १० मीटर जास्तीची ठेवा, दोराला दगड बांधून त्यावर दुसरा मोठा दगड ठेवायचा. रात्री हवेची खिडकी बंद करू नका. श्वासाची वाफ आतल्या कापडावर थिजते आणि पहाटे बॅगेवर गळते.

स्वयंपाक: तांदूळ-तूरडाळ काढा. ४००० मीटरवर पाणी ८६-८७ अंशांना उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ तिथे शिजत नाही, गॅस मात्र संपतो. नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की होईल असंच न्यायचं. पातळ पोहे घरी मोहरी, हळद, कढीपत्ता, शेंगदाण्यांच्या फोडणीत मंद आचेवर कोरडे कुरकुरीत होईपर्यंत परता, गार झाल्यावर १००-१०० ग्रॅमच्या पिशव्या करा, प्रत्येकीत जिरावणाची (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) पुडी. जाडे पोहे नकोत, थंडीत मधे कच्चे राहतात. रव्याचंही तसंच, उपम्यासाठी तुपावर खमंग भाजून. दुपारी स्टोव्ह काढायचाच नाही: सातूचं पीठ गूळ घालून पाण्यात, दाण्याचे लाडू, खजूर. पहिल्या दोन दिवसांना दशम्या चालतात. शेव जरूर न्या, १०० ग्रॅमला साधारण ५५० कॅलरी देते, पण लवंगी नको. तिखटाने तहान आणि पोट दोन्ही बिघडतात. सुका मेवा, सातू, गूळ सगळं सियागंजात एका फेरीत होतं.

दिवसाला ६५० ग्रॅम धरा, पाच दिवसांचे सव्वातीन किलो. खाण्याचं वजन फारसं कमी होत नाही आणि करूही नये, ते रोज आपोआप उतरतं. एक जादा दिवसाचं खाणं याच हिशेबात बसवा, म्हणजे दाणे, गूळ आणि तूप जास्त, बिस्किटं कमी. बिस्किटांचा चुरा होतो, जागा जाते आणि पोट भरत नाही.

भांडं एकच, ८०० मि.ली. चं, झाकणासकट. चमचा एक. ताट लागत नाही.

उतारावरचा:
गॅस आणि प्रवासाबद्दल कुणी बोललं नाही. कॅन इंदूरहून नेऊ नका. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे, विमानातही चालत नाही. मनालीत विकत घ्या. ४५० ची गरजही नाही. वाऱ्यापासून आडोसा करून एक लिटर पाणी उकळायला तिथल्या थंडीत १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. दिवसाला अडीच लिटर धरले तर पाच दिवसांत दीडशे ते एकशेनव्वद ग्रॅम. २३० चा एक कॅन पुरतो. स्टोव्हची बटणाची ठिणगी उंचीवर अनेकदा पडत नाही, म्हणून एक लाइटर आणि काडेपेटी वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवा. स्टोव्ह तंबूत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि एकट्या माणसाला जागं करायला कुणी नसतं.

जिथे एक वस्तू बिघडली तर जिवावर बेतेल तिथे दुसरी हवी. उजेड दोन (हेडलॅम्प आणि एक छोटी टॉर्च), आग दोन, पाणी शुद्ध करायचे मार्ग दोन, वाट शोधायचे मार्ग दोन. बाकी सगळं एक. यादी या चाळणीतून काढलीत की अर्धे प्रश्न मिटतात.

पाणी: त्या खोऱ्यात गद्दी लोकांच्या मेंढ्या चरतात, ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी थेट पिऊ नका. फिल्टर नेलात तर लक्षात ठेवा, त्यातल्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं की त्या फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एकदा वापरल्यावर रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्या. जोडीला क्लोरीनच्या गोळ्या. पाकिटावर ३० मिनिटं लिहिलेलं असतं, बर्फाच्या पाण्यात तासभर थांबा.

फोन: नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल मनालीतच उतरवून घ्या. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं. पुढे नेटवर्क नाही असंच धरा. फोन, पॉवर बँक, हेडलॅम्पचे सेल रात्री बॅगेत अंगाजवळ ठेवायचे, थंडीत बॅटरी लवकर बसते. पाच दिवसांना १०,००० ची बँक पुरते. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर कुणी देऊ केला तरी नेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात बेकायदेशीर आहे. त्याऐवजी शिटी. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा, हा संकटाचा इशारा आहे.

घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून द्या: कोणत्या रात्री कुठे मुक्काम, छत्रूहून मनालीत परत केव्हा आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. त्यात एक दिवस जादा धरा. तंबूचा आणि जॅकेटचा रंगही लिहा, शोधणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

दवाबाजार:
औषधांची पिशवी ३०० ग्रॅममध्ये होते, पण त्याआधी मुक्काम दुरुस्त करा. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, मनाली २०५०. मनालीत एक रात्र, मग सेथनला (२७०० मी.) एक रात्र आणि मग चिका (३१००) असं करा. ३००० च्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा सर्वमान्य नियम आहे. बालू का घेराला (३६००) दोन रात्री राहा. मधल्या दिवशी सॅक तंबूत ठेवून पासच्या दिशेने थोडं वर जा आणि झोपायला खाली या.

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, हे अपेक्षित आहे. एक गोळी घरीच घेऊन बघा, पहिला अनुभव डोंगरावर नको. बाकी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, ओआरएसची आठ पाकिटं, लोपेरामाइड, उलटीची गोळी, सर्जिकल टेप, गॉज, एक क्रेप बँडेज. टाच गरम वाटू लागली की तिथेच बसून टेप लावायची, फोड आल्यावर तिचा फायदा निम्मा होतो.

एकट्याला खरा धोका असा की मेंदूवर सूज यायला लागली की आधी जातो तो विवेक, आणि तुम्ही बडबडताय हे सांगायला शेजारी कुणी नसतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ एक परीक्षा: एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं. तोल गेला तर खाली. स्वस्थ बसल्यावरही धाप लागत असेल किंवा ओला खोकला असेल तर खाली. डोकेदुखी गोळीने थांबली नाही तर त्या दिवशी वर जायचं नाही. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, तिथे ठरवत बसू नका. ऑक्सिमीटरचा आकडा गार बोटांवर चुकतो, त्यावर निर्णय सोडू नका.

एक गोष्ट नकाशावर आत्ताच समजून घ्या. बालू का घेराहून खाली म्हणजे चिका. पण पास ओलांडून शिया गोरूला (३९००) पोचल्यावर त्रास झाला तर मागे जायचं नाही, मागे ४२७० चा पास आहे. तिथून खाली म्हणजे छत्रू (३३६०).

पाळीची तारीख जवळ असो वा नसो, सामान बरोबर ठेवा, उंचीवर आणि दमणुकीत ती पुढेमागे होते. वापरलेलं कागदात गुंडाळून दुहेरी चेनच्या पिशवीत परत आणायचं. गॉगल यूव्ही ४०० चा, कडेने उजेड अडवणारा. एसपीएफ ५० चं मलम नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, बर्फ आणि दगडांवरून ऊन खालून येतं.

घाटमाथा:
सॅक भरण्याबद्दल राहिलं. आत आधी जाड पॉलिथिनची मोठी पिशवी, खताच्या पोत्याच्या आत असते तशी, सियागंजात नवी मिळते. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने आत उतरतं. तळाला स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. त्यावर, पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये जड वस्तू: खाणं आणि स्टोव्ह. बाहेरच्या बाजूला फ्लीस, लायनर. सगळ्यात वर पफर आणि पावसाचे कपडे, कारण ते धावपळीत काढायचे असतात. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेल्या की सॅक मागे ओढते आणि खांदे दुखतात. आधी कमरेचा पट्टा हाडावर घट्ट, मग खांद्याचे.

ओढे ओलांडायला अनवाणी जाऊ नका, गार पाण्यात पाय बधिर होतात आणि दगड लागलेला कळत नाही. मागे पट्टा असलेले फोमचे हलके सँडल ३०० ग्रॅममध्ये येतात. ओढा सकाळी लवकर ओलांडायचा, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. पाण्यात उतरण्याआधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाय हलवा.

सुदामानगर_इंदूर:
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. बुटांना नख लावून पाहिलं, भुसा निघतोय. नवे घेते आहे. तुमच्या बदलांसह हिशेब केला: तंबू १.७, कपडे २, स्वयंपाकाचं ०.७, खाणं ३.३, वीज-उजेड ०.४, सँडल ०.३, मॅट ०.६५, पावसाचे कपडे ०.५५, औषधं वगैरे ०.६, बॅग आणि सॅक तेवढीच. १३.९ येतं. यात अजून खाली जायला हवं का? आणि मनालीत गॅस घेताना काय बघायचं?

उतारावरचा:
लायनरचे दोनशे ग्रॅम धरायचे राहिले, म्हणजे १४.१. इथे थांबा. पुढचं किलो फक्त पैसे घालून कमी होतं. एकच बदल परवडण्यासारखा आहे: सॅक. २.१ ऐवजी दीड किलोची, ५५ लिटरची भाड्याने किंवा उसनी मिळाली तर बघा, पण पाठीच्या मापात बसत नसेल तर आपलीच बरी. पाणी एका वेळी एक लिटरच भरा, या वाटेवर ओढे जवळजवळ आहेत.

गॅसचे दोन प्रकार मिळतात. एक बसका, वर आट्यांचा, आणि दुसरा लांब, स्प्रेच्या डब्यासारखा. तुमचा स्टोव्ह सोबत नेऊन दुकानात फिरवून बघा, आटे बसायला हवेत. मग डब्यावरचं मिश्रण वाचा. नुसतं ब्यूटेन असेल तर घेऊ नका, ते शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं आणि पहाटे ज्योत विझत जाते. आयसोब्यूटेन-प्रोपेन लिहिलेला घ्या. अर्धवट वापरलेला कॅन स्वस्तात देऊ करतात. घ्यायचाच असेल तर दुकानातल्या काट्यावर ठेवा. रिकाम्या डब्याचं वजन साधारण दीडशे ग्रॅम असतं, म्हणजे २३० चा भरलेला कॅन ३८० च्या जवळ भरायला हवा. कॅन रात्री तंबूत, पायाशी, कापडात गुंडाळून ठेवा आणि सकाळी पेटवण्याआधी दोन मिनिटं जॅकेटच्या आत धरा.